त्याचं व्हॉट्सॲप आधी लॉग आउट कर

‘ताई, मी २६ वर्षांची आहे, हिंजवडीत एका कंपनीत टेस्टर आहे. घर कराडजवळ. कॉलेज संपता संपता आमचं जमलं, चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. मार्चमध्ये पुण्याला आला तेव्हा त्याने माझ्या लॅपटॉपवर त्याचं व्हॉट्सॲप उघडलं आणि तसंच ठेवून गेला. त्यातून कळलं, ऑफिसमधल्या एकीबरोबर त्याचं आठ महिने चालू होतं. विचारल्यावर आधी म्हणाला “तसलं काही नाही”, मग “एकदाच झालं”, मग सगळं कबूल केलं. शेवटी त्यानेच सांगितलं की मला तिच्याबरोबर राहायचंय. मला कसं कळलं ते मी सांगितलं नाही, “कुणीतरी सांगितलं” एवढंच म्हणाले. त्याला वाटतंय आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने चुगली केली. त्याच्याशी त्याने बोलणं तोडलंय. ते व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपवर अजून चालू आहे. मी रोज रात्री वाचते. एक एक्सेल शीट केलीय: तारीख, तो मला काय म्हणाला, खरं काय होतं. दर रविवारी त्याचा मेसेज येतो, “जेवलीस का?”

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तो तीन रात्री हॉस्पिटलमध्ये थांबला होता. तेही नाटकच होतं का? त्याची जात वेगळी, तरी आईने वर्षभर बाबांच्या मागे लागून त्यांना तयार केलं होतं. तिला मी तोंडघशी पाडलं. तिला अजून काहीच माहीत नाही. मैत्रिणी म्हणतात, मूव्ह ऑन. कधीकधी वाटतं, सकाळ होऊच नये. माझं काय कमी पडलं?’

– स.

प्रिय स.,

शेवटाकडचं एक वाक्य आधी घेते, कारण ते तू घाईत लिहून पुढे गेलीस. ‘सकाळ होऊच नये’ याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे उठून पुन्हा ऑफिस, पुन्हा तेच विचार, याचा आलेला कंटाळा. दुसरा म्हणजे जीव नकोसा होणं. तुझा कुठला, ते तुलाच ठाऊक. दुसरा असेल, किंवा पहिल्यातून दुसऱ्याकडे चाललाय असं वाटत असेल, तर हे पत्र बाजूला ठेव, रूममेटला उठवून सांग आणि १४४१६ हा नंबर लाव. ही केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. ‘एवढ्याशा कारणासाठी’ फोन कसा करू, असं मनात येईल. ब्रेकअप हे कारण त्यांच्यासाठी नवीन नाही. आणि सलग दोनेक आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कामात साध्या चुका होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. ताप आला की जातो तसंच जायचं.

आता लॅपटॉप. आज रात्री त्याच्या व्हॉट्सॲपमधून लॉग आउट कर. ‘शेवटचं एकदा बघते आणि करते’ असं नको. आधी कर.

हे चूक आहे हे तुलाही माहीत आहे, नाहीतर तू ते पत्रात इतकं आडून लिहिलं नसतंस. मार्चमध्ये समोर आपोआप दिसलं ते वेगळं. त्यानंतर रोज मुद्दाम उघडून वाचणं वेगळं. दुसऱ्याच्या खात्यात त्याला न विचारता शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि त्या चॅटमध्ये फक्त तो नाही, तिचंही खाजगी बोलणं आहे. तिने तुला कुठलाही शब्द दिला नव्हता. तुझ्याविषयी तिला काय सांगितलं गेलं, तेही तुला पुरतं माहीत नाही. पण नीतीच्या आणि कायद्याच्या मुद्द्यावर मी थांबत नाही, कारण त्याने तुझा हात थांबणार नाही.

ती शीट तू का केलीस, ते मला कळतं. आधी ‘तसलं काही नाही’, मग ‘एकदाच’, मग सगळं. कबुली अशी हप्त्याहप्त्याने आली की माणसाचा समोरच्यावरचा विश्वास जातोच, शिवाय स्वतःच्या डोळ्याकानांवरचाही जातो. मला तेव्हा शंका आली होती, मग मी गप्प का बसले? मला दिसलं ते खरं होतं की मीच संशयी? अशा वेळी तारखा लावून पाहणं हा वेडेपणा नाही. ‘त्या शनिवारी क्लायंटकडे होतो म्हणाला, प्रत्यक्षात तिच्याबरोबर होता’, अशा पहिल्या आठदहा ओळींनी तुला तुझ्या पायांवर उभं केलं. मी खुळी नव्हते, हे तुला कागदावर हवं होतं. मिळालं.

त्यापुढची प्रत्येक ओळ तेच सांगतेय. कोळसा उगाळावा तितका काळाच. एखाद्या बिल्डमध्ये, म्हणजे तपासायला आलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत, इतके दोष सापडले तर तू ते परत पाठवतेस, उरलेले मोजत बसायला रात्रीची जागत नाहीस. मग इथे का जागतेस? मला वाटतं, स., हा तपास केव्हाच संपलाय. त्याच्याबरोबर रोज दोन तास घालवायची एवढी एकच सोय उरलीय, म्हणून ती चालू आहे. त्याचं टायपिंग, त्याचे विनोद, तो ‘हम्म’ कुठे लिहितो, हे सगळं अजून रोज तुझ्या खोलीत येतंय. चार वर्षांची सवय अशी एका दिवसात सुटत नाही, हे मी तुला दोष म्हणून सांगत नाहीये.

अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जोडीदाराने नुकतंच सोडलेल्या १५ जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून त्याच व्यक्तीचे फोटो दाखवले. मेंदूचे जे भाग जागे झाले, त्यांत ओढीचे, बक्षिसाच्या अपेक्षेचे भाग होते, कोकेनच्या तलफेशी ज्यांचा संबंध जोडला जातो तेही होते. १५ माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, पण रात्री एक वाजता ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणत लॅपटॉप उघडणाऱ्या मुलीला यात अनोळखी काही वाटणार नाही. तलफ आहे म्हटल्यावर ‘इच्छाशक्ती कमी पडते’ असं स्वतःला बोलून उपयोग नाही. वस्तू हाताशी ठेवायची नाही, एवढंच करायचं.

शीट डिलीट कर असं मी म्हणत नाही. डिलीट केलीस तर चार दिवसांनी आठवणीतून पुन्हा लिहून काढशील. एखाद्या विश्वासू मैत्रिणीला मेल कर, ‘वाचू नकोस, सहा महिने सांभाळ’ म्हणून सांग आणि मग स्वतःकडची पुसून टाक. इन्स्टाग्रामचंही तेच. दुसऱ्याच्या अकाउंटवरून डोकावणं यातच मोडतं. मानसशास्त्रज्ञ टॅरा मार्शल यांनी २०१२ मध्ये ४६४ जणांच्या पाहणीत पाहिलं की जे लोक जुन्या जोडीदाराच्या फेसबुकवर सारखं डोकावत होते त्यांचा त्रास आणि ओढ दोन्ही जास्त होती. डोकावल्याने त्रास वाढला की त्रास असणारेच जास्त डोकावत होते, हे अशा पाहणीतून कळत नाही. बहुतेक दोन्ही होत असावं. तुझ्या रोजच्या रात्री मात्र तुझ्याकडे आहेत, त्यांवरून तूच ठरव.

लॉग आउट केलंस की लगेच दुसरं काम. तो मित्र.

तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हे, आणि तू ते एका ओळीत उरकलंस. ज्याने काहीच केलं नाही त्याने एक मित्र गमावला, आणि खरं काय ते फक्त तुला माहीत आहे. त्याला उद्या फोन कर, सगळं सांग, माफी माग. मग बेंगळुरूला एकच मेसेज. साधारण असा: ‘मला कुणी सांगितलं नव्हतं. तू माझ्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं ठेवलं होतंस, तिथे दिसलं. नंतरही मी वाचत राहिले, ते चुकलं. आता लॉग आउट केलंय. तुझ्याकडे माझे खाजगी फोटो आहेत ते काढून टाक. यापुढे मला मेसेज करू नकोस.’ तो चिडेल. चिडू दे. उलटून ‘तूच चोरून वाचत होतीस’ म्हणेल, आणि त्या बाबतीत त्याचं बरोबरही असेल. त्याला उत्तर द्यायचं नाही. नंबर ब्लॉक कर, लोकेशन शेअरिंग बंद कर, एकमेकांना दिलेले पासवर्ड बदल, फोटोंचे सामायिक अल्बम तोड. फोटोंवरून तो कधी धमकीच्या भाषेत बोलला, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा प्रकारात स्वतःचं नाव न देताही तक्रार करता येते. तो तसा वाटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

ब्लॉक करणं पोरकट आहे, असं तुला वाटत असणार. ‘मॅच्युअरली’ वेगळं व्हायचं भूत हल्ली सगळ्यांच्या मानगुटीवर आहे. पण रविवारच्या त्या मेसेजचं काय करशील? ‘जेवलीस का’ हे आपल्याकडे आई विचारते, मावशी विचारते. त्यात काळजी आहे, आणि त्याला खरंच काळजी वाटतही असेल. त्याच वेळी तो मेसेज त्याला सांगतो की आपण काही अगदी वाईट माणूस नाही, अजून विचारपूस करतो. त्याचं ओझं हलकं होतं आणि तुझा रविवार, सोमवार, कदाचित मंगळवारही जातो: का केला असेल, तिच्याशी भांडण झालं असेल का, ‘हो’ म्हणू की काहीच नको. तू जेवलीस की नाही, हे विचारायचा हक्क त्याने सोडलाय. मैत्री वगैरे पुढे कधी झालीच तर दोनचार वर्षांनी बघू, आत्ता त्याची चर्चा नको.

‘माझं काय कमी पडलं?’ मानसशास्त्रज्ञ डिलन सेल्टरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ४९५ तरुण मुलामुलींना विचारलं होतं की तुम्ही जोडीदाराला का फसवलंत. आठ प्रकारची कारणं निघाली: राग, प्रेम आटणं, दुर्लक्ष झाल्याची भावना, बांधिलकीच कमी असणं, नावीन्याची हौस, स्वतःची किंमत वाढल्यासारखं वाटणं, लैंगिक इच्छा, आणि निव्वळ परिस्थिती, म्हणजे दारू, ताण, प्रवास. यादी पुन्हा वाच. यातली बरीचशी कारणं घरी कोण वाट पाहतंय याच्याशी जोडलेलीच नाहीत. तू अजून सुंदर, अजून गमतीदार, अजून समजूतदार असतीस तरी ‘परिस्थिती’ बेंगळुरूत होतीच.

पण तू निर्दोष देवी होतीस असंही मी म्हणणार नाही, मी तुला ओळखत नाही. लांब राहून नातं टिकवताना तुमची भांडणं झाली असतील, तू वैतागली असशील, फोन टाळले असशील. नातं खराब होण्यात दोघांचा वाटा असू शकतो. आठ महिने खोटं बोलण्यात मात्र एकाचाच आहे. त्याच्या हातात फोन होता. ‘मला इथे दुसरी कुणी आवडायला लागलीय’ हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. तू रडली असतीस, भांडली असतीस, आणि आज शीट नसती.

हॉस्पिटलच्या त्या तीन रात्रींवर मी बराच विचार केला. तुझी अडचण मला वाटते ती अशी: त्या खऱ्या मानल्या तर इतका चांगला माणूस असं वागला कसा, हे सुटत नाही. खोट्या मानल्या तर तो सरळसरळ नालायक ठरतो, राग करणं सोपं होतं, पण मग चार वर्षं तू कुणाबरोबर होतीस हा प्रश्न उरतो. मैत्रिणी तुला दुसरा पर्याय देतायत, ‘तो पहिल्यापासूनच तसला होता’. त्या प्रेमापोटी म्हणतायत. मला ते पटत नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर तीन रात्री काढणारा माणूस पुढे आठ महिने खोटं बोलू शकतो. दोन्ही तोच. त्या रात्री तुझ्या बाबांसाठी तो थांबला ते तेव्हा खरं होतं, आणि तुझ्या आईने त्याला दिलेला चहाचा थर्मासही खरा होता. नंतर त्याने जे केलं त्याने मागचं पुसलं जात नाही आणि मागच्याने नंतरचं माफ होत नाही. हे पचायला जड आहे, कारण यात धड कुणी खलनायक मिळत नाही. चार वर्षांचा निकाल आत्ता लावूच नकोस. सध्या तू जे काही आठवशील ते सगळं त्या शीटच्या तिसऱ्या रकान्यातूनच दिसणार. वर्षभराने काही आठवणी परत मिळतील, काही कायमच्या जातील. कुठल्या ते आज सांगता येत नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस आणि मैत्रिणीही बोलल्या नसतील. त्या आठ महिन्यांत तुमचे शरीरसंबंध आले असतील तर तपासण्या करून घे. यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्याच्या ‘आम्ही काळजी घेतली होती’वर विसंबायचं कारण आता उरलेलं नाही. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशन होतं, आणि एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्याने तुझी संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. माहितीसाठी १०९७ हा मोफत नंबर आहे. संसर्ग झाल्या झाल्या चाचणीत दिसत नाही, म्हणून शेवटच्या संबंधाला तीन महिने होऊन गेल्यावरची चाचणी पक्की मानायची. सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि इतर तपासण्या कुठल्या कराव्यात ते स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील. ‘लग्न झालंय का?’ असा प्रश्न येईल. ‘नाही, पण संबंध आले आहेत’ हे उत्तर घरून ठरवूनच जा, म्हणजे तिथे त-त-प-प होत नाही. डॉक्टर प्रवचन द्यायला लागल्या तर फी देऊन उठायचं आणि दुसऱ्या शोधायच्या.

मूव्ह ऑनबद्दल फार लिहीत नाही. ‘नातं जितकं चाललं त्याच्या निम्मा काळ लागतो’ असली गणितं फिरत असतात, त्यांना आधार नाही. मैत्रिणींना उपदेशाऐवजी काम दे: एकीने रात्री अकरानंतर तुझा लॅपटॉप स्वतःच्या खोलीत ठेवायचा, दुसरीने रविवारी तुला बाहेर काढायचं. कुठेही चालेल, पाताळेश्वरला, तळजाईवर, नाहीतर नुसती भाजी आणायला. ‘काय मदत करू’ म्हणणाऱ्या माणसांना नेमकं काही सांगितलं की बरं वाटतं.

राहिली आई. तू तिला तोंडघशी पाडलंस असं म्हणतेस. तिने वर्षभर तुझ्या शब्दावर बाबांची समजूत घातली, आणि तू तेव्हा तिला खरं तेच सांगितलं होतंस. तिला तोंडघशी पाडलं ते त्याने. तरी तिला हे दुसऱ्याकडून कळलं तर मात्र ती तुझ्यावर रागवेल, आणि रास्त रागवेल. कराड काही लांब नाही. येत्या शुक्रवारी संध्याकाळची एसटी पकड. फोनवर सांगू नकोस; फोनवर ती पहिलं वाक्य ऐकून घाबरेल आणि बाबांना हाक मारेल. शनिवारी दुपारी बाबा आडवे झाले की दोघीच बसा आणि थेट सांग: ‘आई, आमचं मोडलं. त्याचं दुसरीकडे जमलंय. मला त्रास होतोय, पण मी बघतेय.’ ती रडेल, त्याला चार शिव्या घालेल, मग ‘माझ्याशी का नाही बोललीस’ म्हणेल. कदाचित ‘तरी मला वाटलंच होतं’ असंही म्हणेल. आया म्हणतात. ते मनावर घेऊ नकोस.

बाबांना कसं आणि कधी सांगायचं ते तिला ठरवू दे, एवढा मान तिने कमावलाय. बाबांचं पहिलं वाक्य मात्र जातीवरून येण्याची शक्यता आहे: ‘म्हणून म्हणत होतो, आपल्यातला बघू.’ त्या क्षणी वाद घालू नकोस. शांतपणे एवढंच म्हण की आपल्यातल्या मुलांनी बायकांना फसवल्याची उदाहरणं आपल्याच भावकीत आहेत, नावं घ्यायला लावू नका. प्रत्येक घराला अशी दोनतीन नावं माहीत असतात. मग स्थळांचा विषय निघेल, अगदी त्याच आठवड्यात निघेल, कारण मुलीचं दुःख लग्नाने भरून निघतं अशी आपल्याकडे समजूत आहे. एक वर्ष माग. तारीख सांगून माग, ‘नंतर बघू’ म्हणू नकोस. ‘नंतर’ म्हटलं की पुढच्या रविवारी बायोडेटा टाईप होतो. या वर्षात फोटो कुणाला पाठवायचा नाही, ‘नुसतं भेटून घे’ चालणार नाही, हे आईकडून कबूल करून घे.

आणि कराडला जाताना लॅपटॉप पुण्यातच ठेव. बोलता बोलता आई विचारेल, ‘पण तुला कळलं कसं?’ आणि तुला ते सगळं उघडून दाखवावंसं वाटेल, म्हणजे तिलाही पटेल. तोंडी सांग. ते मेसेज तिने वाचले तर तुला त्यांचा विसर पडल्यावरही ते तिच्या डोक्यात राहतील, आणि एखाद्या दिवाळीत पुरण वाटताना ती त्यातलंच एखादं वाक्य जसंच्या तसं तुला ऐकवेल.